पेशंटला ‘येऊ नका’ सांगता येईल का?

‘ताई, नमस्कार. मी 43 वर्षांचा, मूळचा चिपळूण तालुक्यातला. 14 वर्षं मस्कतला होतो. गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात आधी हेल्पर, नंतर मॅनेजर. आईची तब्येत बघायला कोणी नव्हतं म्हणून मागच्या वर्षी कायमचा परत आलो. तिथले ओळखीचे ओमानी लोक अजून फोन करतात. दर दोन महिन्यांनी कोणी ना कोणी विचारतंच, मुंबईत गुडघ्याचा चांगला डॉक्टर कोण, हृदयाचं कुठे दाखवू. आतापर्यंत दोघांना मी नुसतं ओळखीपोटी मुंबईत नेऊन दाखवलं. दुसऱ्या वेळी हॉस्पिटलच्या माणसानेच विचारलं, “तुम्ही आमचे रेफरल पार्टनर का होत नाही?” त्यांनी फॉर्म पाठवलाय, बिलावर 15 टक्के. दुसरं एक हॉस्पिटल 20 द्यायला तयार आहे. माझ्याकडे 8 लाख साठलेले आहेत. अंधेरीत छोटं ऑफिस, एक वेबसाइट, आणि मीरा रोडला चुलतभावाचा फ्लॅट रिकामा आहे तिथे पेशंट उतरवायचे, असा विचार आहे. बायको म्हणते, ही दलाली आहे, यात पडू नका. आता माझे जुने मालक त्यांच्या आईच्या गुडघ्यांसाठी विचारतायत. सुरुवात कशी करू? आणि बायकोचं बरोबर आहे का?’
— एक वाचक, चिपळूण

नमस्कार.

तुमच्या पत्नीच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते. त्याचं उत्तर तुमच्या मनाशी पक्कं झालं की फॉर्म, टक्के, ऑफिस यांचं काय करायचं ते तुम्हालाच दिसेल.

कोकणातल्या माणसाला हे काम नवीन नाही. गावात कोणाच्या पोटात गाठ निघाली की त्याला रात्रीच्या एसटीत बसवायचे. पहाटे लालबाग-परळच्या खोलीवर राहणारा चाकरमानी त्याला उतरवून घ्यायचा. दहा बाय बाराच्या खोलीत आधीच सात माणसं, त्यात पेशंट आठवा. चाकरमानी उजाडायच्या आत केईएमला जाऊन नंबर लावायचा, केसपेपर काढायचा, डॉक्टर जे बोलले ते पेशंटला गावच्या बोलीत समजावून सांगायचा, आणि रजा संपली की शेजारच्यावर सोपवून कामावर जायचा. माझे आजोबा गिरणीत होते. त्यांनी असे किती पेशंट केईएमला आणि टाटाला नेले याचा हिशेब कोणीच ठेवला नाही. त्या कामाला नाव नव्हतं, पैसे नव्हते, पण गावात आजोबांच्या शब्दाला वजन होतं ते त्याच कामामुळे. मस्कतच्या दोघांसाठी तुम्ही केलंत ते हेच. त्याला कोणी दलाली म्हणणार नाही.

मग पैसे घेतले की ती दलाली होते का? माझ्या मते नाही. विमानतळावर रात्री दोनला उभं राहायचं, दुभाष्या व्हायचं, बिलाच्या खिडकीवर तासन्‌तास थांबायचं, या सगळ्याला मोल आहे आणि ते घ्यावं. अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. पेशंट समजतो की तुम्ही त्याचे माणूस आहात. पैसे मात्र तुम्हाला हॉस्पिटल देणार, आणि बिल जितकं मोठं तितके जास्त. ही गोष्ट पेशंटपासून लपलेली असेल, तर तुमच्या पत्नीचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे.

मी 17 वर्षं मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या आंतरराष्ट्रीय रुग्ण विभागात होते. एक फाइल अजून माझ्या डोळ्यांसमोरून हटत नाही. केनियातल्या एका गावचे शाळामास्तर, वय 52. त्यांच्याकडे कोणाला मोठा आजार झाला आणि घरचा पैसा पुरला नाही, की सगळं गाव मिळून वर्गणी काढतं. त्याला ते हरांबे म्हणतात. सगळ्यांनी मिळून ओढायचं, आपल्या इर्जिकीसारखं. मास्तरांसाठी गावाने हरांबे केली होती. त्यांच्या पत्नीकडे शाळेची एक वही होती आणि तिच्यात कोणी किती दिले ते ओळीने लिहिलेलं. काही नावांपुढे रकमेऐवजी ‘एक बकरी’, ‘मक्याची दोन पोती’ असं होतं.

त्यांच्या एजंटने आमच्याकडे रिपोर्ट पाठवले त्यात बायॉप्सी होती, रक्ताचे रिपोर्ट होते आणि सीटी स्कॅनच्या रिपोर्टची दोन पानं होती. आमच्या सर्जननी त्यावरून मत दिलं, ऑपरेशन शक्य वाटतंय. व्हिसासाठीचं हॉस्पिटलचं पत्र मी तयार केलं, सही माझी. मास्तर आले, इथे स्कॅन पुन्हा झाला, आणि कळलं की रोग यकृतात कधीच पसरलाय. सर्जननी हात जोडले. मास्तर 19 व्या दिवशी गेले. मग मृत्यूचा दाखला, एम्बामिंगचा (शव टिकवण्याच्या प्रक्रियेचा) दाखला, पोलिसांची ना हरकत, वकिलातीची ना हरकत, पेटी, विमान कंपनीचा कार्गो. चार दिवस मी त्या बाईंबरोबर फिरत होते. कार्गो ऑफिसच्या बाकावर त्यांनी मला विचारलं, ‘हे नैरोबीत कळलं नसतं का?’

कळलं असतं. कळलंच होतं. त्या मूळ रिपोर्टला तिसरं पान होतं आणि यकृताचं त्यावर लिहिलेलं होतं. एजंटने ते मुद्दाम काढून ठेवलं की पाठवताना राहून गेलं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण माझ्याकडे आलेल्या पानांच्या तळाशी बारीक अक्षरात छापलं होतं: पान 3 पैकी 1, पान 3 पैकी 2. मी तिथे पाहिलं नाही.

म्हणून ‘सुरुवात कशी करू’ याला माझं उत्तर असं आहे की आधी पेशंटला ‘येऊ नका’ म्हणायला शिका. हे सांगता येत नसेल तर या धंद्यात उतरू नका. आणि ते सांगता यायला दोन गोष्टी लागतात. एक, रिपोर्ट पुरे आहेत की नाही हे ओळखणं. दुसरी, तुमचं पोट त्या एका पेशंटच्या येण्यावर अवलंबून नसणं.

रिपोर्ट वाचायचे म्हणजे निदान करायचं नाही. ते डॉक्टरचं काम आणि तुम्ही त्यात एक शब्दही घालायचा नाही. तुम्ही पाहायचं ते कारकुनाच्या नजरेने. सगळी पानं आहेत का, तारीख केव्हाची आहे, नाव पासपोर्टशी जुळतं का, बायॉप्सीचा अहवाल प्रयोगशाळेच्या लेटरहेडवर आहे का. स्कॅनचा मोबाइलवर काढलेला फोटो चालत नाही. मूळ इमेज सीडीवर किंवा लिंकने मागवायच्या, कारण डॉक्टरला पाहायच्या असतात त्या इमेज, नुसता कागद नव्हे. चालू औषधांची यादी हवी, विशेषतः रक्त पातळ करण्याची गोळी आहे का ते. आधीची ऑपरेशनं, ॲलर्जी. हे सगळं आलं की हॉस्पिटलकडून लेखी मत मागायचं आणि त्यात तीन गोष्टींची उत्तरं असलीच पाहिजेत: उपचाराचा उद्देश काय (रोग बरा करणं की त्रास कमी करणं), इथे पुन्हा तपासणी केल्यावर बेत बदलला तर दुसरा मार्ग आणि त्याचा खर्च काय, आणि हेच उपचार पेशंटच्या देशात होतात का. तिसऱ्या प्रश्नावर हॉस्पिटलचा माणूस नाखूश होईल. तरी विचारा. ओमानी नागरिकांना त्यांच्या सरकारी इस्पितळांत जवळजवळ फुकट उपचार मिळतात, मस्कतला रॉयल हॉस्पिटल आहे, सुलतान काबूस विद्यापीठाचं इस्पितळ आहे, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. मग हा माणूस समुद्र ओलांडून का येतोय? तिथे नंबर लांबचा आहे म्हणून, दुसरं मत हवं म्हणून, की तिथल्या डॉक्टरांनी ‘आता काही करण्यासारखं नाही’ सांगितलंय आणि ते त्याला ऐकायचं नाही म्हणून? हे तिसरं कारण असेल तर मास्तरांची गोष्ट आठवा.

आता टक्क्यांचं. 15 की 20, हा प्रश्नच बाजूला ठेवा. समजा गुडघ्यांचा खरा हात बसलेला सर्जन 15 टक्केवाल्या हॉस्पिटलात आहे. पहिल्या वेळी तुम्ही तिथेच पाठवाल, कारण मन साफ आहे. विसाव्या पेशंटला, मुलांची फी भरायच्या महिन्यात, काय कराल? शिवाय टक्केवारीचा अर्थ असा की पेशंट आयसीयूत दोन दिवस जास्त पडला की तुमची कमाई वाढते. असा हिशेब माणसाने स्वतःच्या आयुष्यात येऊच देऊ नये. मी हे नैतिकतेचं प्रवचन म्हणून सांगत नाही. मी चांगल्या घरातली, चांगली मुलं या टक्क्यांनी हळूहळू बदलताना जवळून पाहिली आहेत.

आणि कायद्याची बाजूही नीट समजून घ्या. डॉक्टरांसाठी भारतीय वैद्यक परिषदेची 2002 सालची आचारसंहिता आहे. पेशंट पाठवल्याबद्दल किंवा मिळवून दिल्याबद्दल डॉक्टरने कमिशन द्यायचं नाही आणि घ्यायचंही नाही, असं तिच्या 6.4 या कलमात स्पष्ट आहे. महाराष्ट्रात आपण याला कट प्रॅक्टिस म्हणतो. विंचूदंशावरच्या संशोधनामुळे ज्यांना सगळे ओळखतात ते महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 2013 मध्ये एका तपासणी केंद्राकडून आलेल्या 1,200 रुपयांच्या चेकबद्दल वैद्यक परिषदेकडे तक्रार केली होती. 1,200 रुपयांसाठी एवढं कशाला, असं तेव्हा अनेकांना वाटलं. 2017 मध्ये राज्य सरकारने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा करायला माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. म्हणजे प्रश्न किती खोल गेलाय ते बघा. तुम्ही डॉक्टर नाही, तुमचा करार हॉस्पिटलच्या कंपनीशी असेल, त्यामुळे ते कलम थेट तुम्हाला लागू होत नाही. पण कोणा डॉक्टरने खासगीत पाकीट पुढे केलं, किंवा मस्कतच्या एखाद्या क्लिनिकचा डॉक्टर म्हणाला ‘मी पाठवतो, माझे किती?’, तर दोन्ही ठिकाणी नकार द्या. तिथून पुढे तुम्ही दुसऱ्याच्या गैरवर्तनात भागीदार होता.

मग पैसे घ्यायचे कसे? माझं मत स्पष्ट आहे. पेशंटकडून कामाची ठरलेली फी घ्या: विमानतळापासून परतीच्या विमानापर्यंत सोबत, दुभाष्याचं काम, कागदपत्रं, याची एक रक्कम, आधी सांगून, पावती देऊन. हॉस्पिटल पैसे देत असेल तर टक्के नकोत, दर पेशंटमागे एकच ठरावीक रक्कम मागा. खोली जनरल असो की डीलक्स, ऑपरेशन मोठं असो की छोटं, आणि सगळ्या हॉस्पिटलांकडून तेवढीच. आणि ती रक्कम पेशंटला अरबीत लिहिलेल्या कागदावर दाखवा. ‘असं कोणीच करत नाही’ हे तुम्हाला पहिल्या मीटिंगमध्येच ऐकायला मिळेल. काही हॉस्पिटलं नाही म्हणतील. दोन-तीन तयार होतील, तेवढी पुरतात. ज्या ओमानी माणसाला तुम्ही स्वतःहून सांगितलंत की मला हॉस्पिटलकडून इतके मिळणार आहेत, तो दुसऱ्या कोणाकडे जाणार नाही, आणि त्याचा मेव्हणा आणि शेजारीही तुमच्याकडेच येईल. तिथल्या समाजात शब्द कसा फिरतो ते तुम्हाला सांगायला नको.

आलेल्या फॉर्मवर लगेच सही करू नका. ‘फक्त आमच्याकडेच पेशंट पाठवीन’ अशी अट असेल तर खोडायला लावा. पैसे कधी मिळणार ते लिहून घ्या, कारण पेशंट घरी गेल्यावर दोन-तीन महिने हात हलवत बसायची वेळ येते. आणि एक प्रश्न ई-मेलवर विचारा, तोंडी नको: एजंटशिवाय थेट आलेल्या परदेशी पेशंटला हाच दर लागतो का? अनेक हॉस्पिटलांत परदेशी पेशंटचे दर वेगळे असतात, ते समजू शकतं. पण तुमचे पैसे त्याच्याच बिलात चढवले जाणार असतील तर ते तुम्हाला माहीत हवं.

तीन गोष्टींना हात लावायचा नाही. यावर मी तुमच्याशी वाद घालणार नाही. पहिली, अवयव प्रत्यारोपण. 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार परदेशी पेशंटला भारतीय दाता चालत नाही, ते जवळचे नातेवाईक असतील तरच चालतो, आणि दोघांपैकी एक जरी परदेशी असला तरी प्राधिकार समितीची पूर्वपरवानगी लागते. पैसे देऊन अवयवाचा व्यवहार जुळवणाऱ्याला, म्हणजे मधल्या माणसालासुद्धा, 5 ते 10 वर्षं कैद आणि 20 लाखांपासून 1 कोटीपर्यंत दंड आहे. खऱ्या बापलेकांचं प्रकरण आलं तरी पहिली काही वर्षं ते सरळ हॉस्पिटलच्या प्रत्यारोपण समन्वयकाकडे द्या आणि बाजूला व्हा. कोण खरा भाऊ आणि कोण कागदावरचा, हे ओळखणं तुमच्या-माझ्या आवाक्यातलं नाही. दुसरी, सरोगसी. व्यावसायिक सरोगसीला 2021 च्या कायद्याने बंदी आहे. तिसरी, टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात ‘मुलगाच हवा’ अशी मागणी. ती हसत हसत येते, जुन्या ओळखीतून येते, आणि आपल्याकडे लिंगनिवड हा गुन्हा आहे हे तुम्हाला तितक्याच ओळखीच्या सुरात सांगता आलं पाहिजे.

8 लाखांबद्दल. ऑफिस घेऊ नका. अंधेरीतल्या ऑफिसात एकही ओमानी पेशंट येणार नाही. तो विमानतळावर उतरेल, हॉस्पिटलात जाईल, आणि तुम्हाला व्हॉट्सॲपवर शोधेल. वेबसाइट साधी, दोन पानांची पुरे, आणि तिच्यावर ‘हमखास बरे’ असले शब्द नकोत. कॅन्सर, मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींवर 1954 पासून कायदा आहे. त्याऐवजी चालू खातं उघडा, प्रोप्रायटर म्हणून नोंद करा, आणि एका चांगल्या सीएला पहिल्या महिन्यातच गाठा. जीएसटी, कमिशनवर कापला जाणारा टीडीएस, परदेशातून येणारी फी, हे त्याच्याकडून समजून घ्या. पेशंटच्या उपचाराचे पैसे तुमच्या खात्यात एक दिवससुद्धा घेऊ नका. ते थेट हॉस्पिटलच्या खात्यात बँकेमार्फत यावेत. रोख 2 लाख किंवा त्याहून जास्त एका व्यवहारात घेणं प्राप्तिकर कायद्यात बसत नाही. आणि पेशंट 5,000 डॉलरपेक्षा जास्त नोटा किंवा सगळं मिळून 10,000 डॉलरपेक्षा जास्त परकीय चलन घेऊन उतरला तर त्याने कस्टम्सला ते जाहीर करायचं असतं. हे त्याला विमानात बसायच्या आधी सांगा. उतरल्यावर सांगून उपयोग नाही. उरलेले पैसे बँकेत ठेवा आणि वर्षभराचा घरखर्च त्यातून निघेल असं धरा. या धंद्याला सरकार वेगळा परवाना मागत नाही, म्हणूनच यात कोणीही घुसतो. पुढे वर्ष-दोन वर्षांनी, कागदपत्रं नीट असतील, तर एनएबीएच या हॉस्पिटलांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेकडे मेडिकल व्हॅल्यू ट्रॅव्हल फॅसिलिटेटर (परदेशी पेशंटना मदत करणारा) म्हणून नोंद करून घ्या. दर्जेदार हॉस्पिटलं ती पाहतात.

मीरा रोडचा फ्लॅट तुमच्या डोक्यातून काढून टाका, निदान आत्ता. परदेशी माणसाला जो उतरवून घेतो, मग ते हॉटेल असो की खासगी घर, त्याला 24 तासांच्या आत त्या पाहुण्याची ऑनलाइन नोंद (पूर्वीचा सी फॉर्म) करावी लागते. ती केली नाही तर चौकशी चुलतभावाच्या दारात येते. शिवाय ऑपरेशन झालेली म्हातारी बाई मीरा रोडहून रोज हॉस्पिटलला कशी जाणार? वेस्टर्न एक्स्प्रेसवरच्या दीड तासात टाके तुटायची वेळ येईल. हॉस्पिटलपासून चालत दहा मिनिटांवरचं, परदेशी पाहुण्यांची नोंद रीतसर करणारं गेस्ट हाऊस बघा. लिफ्ट आहे का, कमोडला धरायला दांडी आहे का, खोलीत चहापुरती शेगडी मिळते का, हे स्वतः जाऊन पाहा.

व्हिसा मेडिकलचाच काढायला लावा. ई-मेडिकल व्हिसावर 60 दिवस मिळतात, तीनदा ये-जा करता येते आणि सोबत दोघांना अटेंडंट व्हिसा मिळतो. हॉस्पिटलचं पत्र लागतं. अर्ज फक्त सरकारी संकेतस्थळावर, पेशंटने स्वतःच्या ई-मेलवरून करायचा. सरकारीसारख्या दिसणाऱ्या आणि तिप्पट पैसे उकळणाऱ्या साइट बऱ्याच आहेत. पुढे केनिया, युगांडा, नायजेरियाकडचे पेशंट आले तर पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड विचारा, आणि लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घेतलेली हवी. कार्ड नसेल तर विमानतळावरूनच 6 दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. केमोची तारीख ठरलेल्या मुलाला मी त्या खोलीच्या काचेतून पाहिलंय. एका पिवळ्या पुठ्ठ्यासाठी.

एक गोष्ट तुमच्याकडे आहे ती बाकीच्या एजंटांकडे नाही: भाषा. पण 14 वर्षांची तुमची अरबी दुकानातली असेल. कम (किती), बुक्रा (उद्या), खलास (संपलं), स्पेअर पार्टची नावं. डॉक्टरच्या खोलीतली अरबी वेगळी. अरबीत कॅन्सरला सरतान म्हणतात. सरतान म्हणजे खेकडा, अगदी आपल्या कर्करोगातल्या कर्कासारखा. घरातले लोक पेशंटसमोर तो शब्द टाळतात आणि नुसतं वरम म्हणतात, म्हणजे सूज, गाठ. एकदा एका मुलाने मला डॉक्टरच्या दाराबाहेर अडवून सांगितलं, ‘आत वडिलांना सरतान म्हणू नका.’ आमची दुभाषी मुलगी गोंधळली, आत गेल्यावर डॉक्टरांचं अर्धं बोलणं तिने गिळलं, आणि त्या माणसाने केमोच्या संमतीपत्रावर सही केली ती ‘सुजेचं औषध’ म्हणून. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना सांगितलं, सही रद्द करून घेतली, आणि मुलाला व वडिलांना समोरासमोर बसवलं. वडिलांना सगळं आधीच माहीत होतं. तुम्ही दुभाष्या असाल तेव्हा डॉक्टर बोलतील ते सगळं सांगायचं, काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. कमी-जास्त सांगायची विनंती आली तर ती डॉक्टरांच्या कानावर घालायची. संमतीपत्राच्या वेळी हॉस्पिटलचा प्रशिक्षित दुभाषी हवाच, तुम्ही सोबत बसा.

हे शिकायला पैसे लागत नाहीत. पुढच्या तीन महिन्यांत तुमच्याच पंचक्रोशीतल्या तीन पेशंटना घेऊन परळला जा, फुकट. एक टाटाला, एक केईएमला, एक खासगीत. रिपोर्टची फाइल तुम्ही लावा, अंदाजपत्रकातली प्रत्येक ओळ बिलाच्या खिडकीवर समजून घ्या: पॅकेजमध्ये काय नाही, रक्ताच्या पिशवीचे वेगळे का, आयसीयूचा दिवस कितीला. डिस्चार्जच्या दिवशी चार-पाच तास कुठे जातात ते बघा. बाहेर दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेल्या नातेवाइकांशी बोला. घरापासून लांब आजारी पडणं काय असतं ते मुंबईत कळायला मस्कतचा पेशंट लागत नाही.

आता तुमच्या मालकांच्या आई. गुडघा बदलणं हे ठरवून करायचं ऑपरेशन आहे, घाई नसते, त्यामुळे पहिला पेशंट म्हणून योग्य. मस्कतहून विमान जेमतेम तीन तासांचं, तेही त्यांना झेपेल. त्यांना दोन्ही गुडघ्यांचे एक्स-रे उभं राहून काढायला सांगा. झोपून काढलेल्या एक्स-रेत हाडांमधली फट जास्त दिसते. वजन पडल्यावर ती किती उरते यावर सर्जन ठरवतात. सोबत एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी), ईसीजी, टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी) आणि औषधांची यादी. साखर ताब्यात नसेल तर चांगला सर्जन आधी ती आणायला सांगेल, भले तीन महिने जावोत. ‘या, बघून घेऊ’ म्हणणाऱ्याकडे नेऊ नका. ऑगस्ट 2017 पासून गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या, किमतीवर आपल्याकडे सरकारी मर्यादा आहे. अंदाजपत्रकात इम्प्लांटची ओळ वेगळी मागा आणि ऑपरेशननंतर त्याचे स्टिकर फाइलमध्ये लावून घ्या, मस्कतच्या डॉक्टरांना पुढे लागतील. ऑपरेशननंतर लगेच परतीचं तिकीट काढू नका. पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, विमान केव्हा ते सर्जन सांगतील. आणि शक्यतो जून-जुलै टाळा. आखाताकडची कुटुंबं मुंबईत पाऊस बघायला हौसेने येतात, कुलाब्यात तुम्हीही पाहिली असतील, पण नव्या गुडघ्याने ओल्या फरशीवर चालणं वेगळं.

हे सगळं मागवायच्या आधी एक फोन करा. मालकांना नाही, त्यांच्या आईंना. 14 वर्षांत तुम्ही त्यांच्या हातचा कहवा प्यायला असाल, त्या तुमच्याशी बोलतील. त्यांना विचारा की नमाजाला खाली बसता येत नाही याचा त्रास जास्त आहे की जिन्याचा, रात्री दुखतं का, व्यायाम आणि गोळ्यांनी काय फरक पडला, आणि हे ऑपरेशन त्यांना स्वतःला हवंय की मुलांना. गुडघे बदलल्यावरही जमिनीवर गुडघे टेकून बसणं बऱ्याच जणांना अवघड जातं, हेही त्यांना तेव्हाच सांगा. त्या म्हणाल्या की मला नको, मी खुर्चीवर बसून नमाज पढेन, तर हॉस्पिटलकडे व्हिसाचं पत्र मागू नका. मालकांना तसं कळवा.